फुकटची वीज आणि बारा टोपल्या

योहानाच्या शुभवर्तमानातील पाच भाकरींची गोष्ट आपल्या घरातील लहान मुलालाही पाठ असते. पाच हजार पुरुष जेवून तृप्त झाले एवढे आपण लक्षात ठेवतो. पण त्यानंतर प्रभूने शिष्यांना काय काम सांगितले, तिकडे आपले लक्ष सहसा जात नाही. उरलेसुरले तुकडे गोळा करा, काहीही वाया जाऊ देऊ नका, असे त्याने सांगितले आणि शिष्यांनी बारा टोपल्या भरल्या.

ही आज्ञा ज्या वेळी दिली गेली, ती वेळ ध्यानात घेण्यासारखी आहे. ती भाकर फुकटची होती. कोणीही तिच्यासाठी दमडी मोजली नव्हती. ज्याने पाच भाकरी पाच हजारांना पुरविल्या, त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढ्याच पुरविणे अवघड नव्हते. तरीही त्याने तुकडे वेचायला लावले. टंचाईच्या काळात काटकसर कोणीही करतो, ती पोटाची गरज असते. मुबलक असताना, आणि तेही मोफत मिळालेले असताना, जो तुकडा वेचतो त्याने देणाऱ्याचा मान राखला असे म्हणावे लागते. आजच्या पानावर आम्हांला जो विषय मांडायचा आहे, तो घरातील आणि कामाच्या जागेवरील दिव्यांचा आहे. पण त्याचे मूळ या बारा टोपल्यांत आहे.

शून्य रुपयांचे बिल

कर्नाटकात २०२३ च्या ऑगस्टपासून घरोघर शून्य रुपयांची वीजबिले येऊ लागली. गृहज्योती योजनेखाली महिन्याला २०० युनिटांच्या आत वापर असणाऱ्या घरांना, मागील वापराच्या सरासरीवर थोडी भर घालून ठरविलेल्या मर्यादेपर्यंत, वीज मोफत झाली. आमचा या योजनेला विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. ज्या विधवा मावशीला बिलाचा कागद आला की शेजारी उसने मागायला जावे लागे, तिच्या घरी आज निर्धास्तपणे दिवा लागतो. भाग्यज्योतीच्या एका बल्बवर ज्यांची मुले शिकली, त्यांना या सोयीचे मोल कोणी समजावून सांगायला नको. गरिबाच्या घरातील उजेडाकडे बोट दाखविण्याचा अधिकार कोणाला नाही आणि आम्हांला तर मुळीच नाही.

प्रश्न वेगळाच आहे. बिल शून्य झाले म्हणजे वीज शून्यातून निर्माण होऊ लागली, असा एक समज नकळत घर करून बसला आहे. पूर्वी आजी ओरडत असे, "अरे, मोरीतली बत्ती कोण मालवणार? मीटर पळतोय!" आता मीटर पळाला तरी खिसा हलका होत नाही, म्हणून आजीचे ओरडणेही थांबले. परसातला दिवा दिवसा बारा वाजता जळत असतो आणि त्याच्याखालून चार माणसे ये-जा करतात; कोणी बटणाकडे हात नेत नाही.

या योजनेत वाचविलेल्या युनिटाचे पैसे आपल्याला परत मिळत नाहीत, हेही खरे आहे. म्हणजे मर्यादेच्या आत राहून ज्याने दिवा मालवला, त्याच्या पदरात रोख काही पडत नाही. तेव्हा जुने सगळे उपदेश, 'वीज वाचवा, पैसा वाचवा' वगैरे, येथे निरुपयोगी ठरतात. आता वाचवायची ती दुसऱ्या कोणासाठी तरी वाचवायची. आमच्या मते ख्रिस्ती माणसाची खरी परीक्षा येथून सुरू होते.

दिवा बदलला, सवय राहिली

गेल्या काही वर्षांत दिव्यांच्या जगात मोठी क्रांती झाली, याची नोंद घेतलीच पाहिजे. तारेचा जुना बल्ब म्हणजे खरे पाहता एक लहानशी शेगडीच. त्याला दिलेल्या विजेपैकी शंभरातले सुमारे पाच भाग उजेड होत आणि बाकी सारी उष्णता. पेटता बल्ब हाताने काढताना बोटे पोळलेली माणसे अजून आहेत. एलईडीच्या दिव्यात तार तापवावी लागत नाही. विशिष्ट पदार्थांच्या दोन थरांच्या सांध्यातून वीज गेली की तेथून थेट प्रकाश बाहेर पडतो. लाल आणि हिरवे एलईडी पूर्वीपासून होते, पण पांढरा उजेड मिळविण्यासाठी निळा हवा होता. तो साधण्याचे काम आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांनी केले आणि त्यासाठी त्यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या देशात ५ जानेवारी २०१५ रोजी उजाला योजना सुरू झाली. २०१४ साली एक एलईडी बल्ब घाऊक खरेदीत ३१० रुपयांना पडत होता. २०१६ पर्यंत तो भाव ३८ रुपयांवर आला. योजनेतून वाटलेल्या बल्बांची संख्या ३६ कोटींच्या पुढे गेली. खेड्यातील किराणा दुकानातही आज तारेचा बल्ब पूर्वीसारखा सर्रास दिसत नाही.

आता थोडा हिशेब मांडू. ६० वॅटचे चार जुने बल्ब रोज पाच तास लावले, तर महिन्याला ३६ युनिट वीज लागे. तेवढाच उजेड देणारे ९ वॅटचे चार एलईडी तितकाच वेळ लावले, तर महिन्याला ५.४ युनिट पुरतात. म्हणजे ३० युनिटांची बचत झाली. पण त्याच घराने अंगणात ५० वॅटचा एक फ्लडलाइट बसविला आणि तो सायंकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत जळत ठेवला, तर त्या एकट्या दिव्याला महिन्याला साडेसोळा युनिट लागतात. घरातल्या चारही दिव्यांच्या तिप्पट! आणि त्याच्या उजेडात रात्रभर काय चालते? कुत्रे झोपते आणि किडे नाचतात.

हा अनुभव नवा नाही. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच दाखवून दिले होते की, वाफेची यंत्रे कमी कोळशात चालू लागली तेव्हा कोळशाचा एकूण खप कमी न होता वाढला. वस्तू स्वस्तात वापरता येऊ लागली की माणूस ती अधिक वापरतो. म्हणून 'आम्ही एलईडी बसविले, आमचे कर्तव्य झाले' असे म्हणून चालणार नाही. निम्मे काम दिवा करतो आणि उरलेले निम्मे बटणावरचे बोट.

बटणाच्या पलीकडे

आपल्या भिंतीवरील बटणाच्या पलीकडे काय आहे, हे एकदा डोळ्यांसमोर आणावे. रायचूरजवळ शक्तिनगरला १,७२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. बळ्ळारीजवळ कुडतिनीला आहे. आपल्या शेजारच्या विजापूर जिल्ह्यात कुडगी येथे २,४०० मेगावॅटचे केंद्र आहे. रायचूरच्या भट्ट्यांसाठी तेलंगणातील सिंगरेणीसारख्या खाणींतून रेल्वेच्या वाघिणी भरभरून कोळसा येतो. कोळशावर एक युनिट वीज तयार करायला साधारणपणे ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. म्हणजे वर सांगितलेल्या ३० युनिटांच्या मागे सुमारे २० किलो कोळसा उभा असतो. तो जमिनीतून कोणीतरी खणलेला असतो. त्याची राख कोणाच्या तरी गावाशेजारी साठते आणि धूर सर्वांच्याच आकाशात मिसळतो.

कोणी म्हणेल, आता सौर ऊर्जा आली आहे. आली आहे आणि ती आनंदाची गोष्ट आहे. तुमकूर जिल्ह्यातील पावगडचे सौर उद्यान २,०५० मेगावॅटचे आहे. परंतु सूर्य मावळला की पावगड थांबते, आणि नेमक्या त्याच घटकेला आपण दिवे लावतो. दुपारी पंपाला वापरलेली वीज उन्हाची असू शकते. रात्री दिव्याला लागणाऱ्या विजेचा बराच भार मात्र कोळशावर आणि धरणाच्या पाण्यावर पडतो.

धरणाची वीज तरी फुकट कुठे आहे? शरावती नदीवरील लिंगनमक्कीच्या धरणासाठी १९६० च्या सुमारास हजारो माणसे आपली घरे आणि भाताची खाचरे सोडून निघाली. कोयनेच्या काठच्या माणसांनीही तेच भोगले. या लोकांनी पाण्याखाली ठेवलेल्या चुलींवर आपले दिवे जळत आहेत. बिल शून्य असेल, पण किंमत शून्य नाही. ती फक्त दुसऱ्याने मोजलेली आहे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली दिलेल्या 'लावदातो सी' या विश्वपत्रात सृष्टीची काळजी घेणाऱ्या रोजच्या लहान कृतींची यादी केली आहे. तीत झाडे लावणे आहे, पाणी जपून वापरणे आहे आणि नको असलेले दिवे मालवणेही आहे. एवढ्या मोठ्या पत्रात एवढी घरगुती गोष्ट यावी, याचे काहींना नवल वाटले. आम्हांला वाटले नाही. हरवलेले नाणे शोधण्यासाठी दिवा लावून घर झाडणाऱ्या बाईची गोष्ट ज्याने सांगितली, त्याच्याच घराण्यातले हे पत्र आहे. त्या बाईने दिवा लावला तो कामासाठी. दिव्याचा नियम याहून वेगळा नाही. काम असेल तेथे लावावा आणि काम संपले की मालवावा.

रात्र पिकालाही हवी असते

शेतकरी बांधवांनी पुढील भाग विशेष लक्ष देऊन वाचावा. आपल्याकडे खरिपात सोयाबीन घेतले जाते. हे पीक 'लहान दिवसाचे' आहे. म्हणजे रात्र पुरेशी लांब झाली की त्याला फूल धरण्याची खूण मिळते. सोयाबीनच्या बाजूला रस्त्यावरचा किंवा फार्महाउसचा प्रखर दिवा रात्रभर जळत असेल, तर त्या उजेडातल्या ओळी नुसत्या हिरव्यागार वाढत राहतात; फुले उशिरा येतात आणि बाकीचे शेत काढणीला आले तरी तेथील शेंगा वाळत नाहीत. पाहणाऱ्याला वाटते की या कोपऱ्यात जमीन चांगली आहे. प्रत्यक्षात त्या झाडांना रात्र मिळालेली नसते. भाताच्या काही जुन्या स्थानिक जातींचे असेच आहे. शेवंतीचे बागाईतदार तर हीच युक्ती मुद्दाम वापरतात. शेतात रात्री दिवे लावून फूल पुढे ढकलतात आणि भाव असेल त्या आठवड्यात काढणी धरतात. त्यांचा दिवा कामाचा आहे. आपल्या बांधावरचा दिवा मात्र बिनकामाचा, आणि वर पिकाचे नुकसान करणारा.

दुसरी गोष्ट हुमणीची. पहिला वळीव झाला की संध्याकाळच्या अंधारात भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्यावर जमतात. तेथेच त्यांचे मीलन होते आणि मग मादी जमिनीत अंडी घालते. उसाची मुळे खाणारी अळी ती हीच. या दिवसांत दिव्याचा सापळा उपयोगी पडतो. दिव्याखाली पसरट भांड्यात पाणी आणि थोडे रॉकेल ठेवून तो संध्याकाळी सातपासून दोन-तीन तास लावावा आणि नंतर बंद करावा. कारण भुंगेऱ्यांची मुख्य वेळ टळून गेल्यावर रात्रभर जळणारा सापळा पिकाच्या उपयोगी कीटकांनाही मारतो. गावातील शेतकऱ्यांनी मिळून एकाच वेळी सापळे लावले, तर अधिक गुण येतो. पण जो दिवा सापळ्यात भुंगेरा ओढतो, तोच दिवा अंगणातही ओढतो, हे विसरू नये. ज्याच्या घराशेजारी उसाचा फड आहे आणि अंगणात पांढरा झगझगीत दिवा आहे, तो पाहुण्यांना आमंत्रणच धाडतो.

दिव्याचा रंगही पाहावा. निळसर पांढऱ्या उजेडाकडे किडे जास्त येतात, पिवळसर उजेडाकडे कमी. गोठ्यात आणि पडवीत पिवळसर दिवा असेल, तर जनावरांना आणि माणसांनाही किड्यांचा त्रास कमी होतो. बाहेरच्या दिव्याला वरून झाकण असावे, म्हणजे उजेड जमिनीवर पडेल, आभाळात जाणार नाही. खानापूरच्या जंगलपट्ट्यात मे-जूनमध्ये काजव्यांनी झाडे लखलखतात. काजव्यांचा तो प्रकाश म्हणजे नर-मादीची एकमेकांना दिलेली हाक असते. प्रखर दिव्यात ती हाक दिसत नाही आणि पुढची पिढी जन्मत नाही. काजव्याची अळी गोगलगाई खाते. म्हणजे काजवाही शेतकऱ्याचा गडीच आहे. बिनपगारी गडी आपण होऊन हाकलून लावू नये.

झोप, डोळे आणि पायाखालचा साप

आता आरोग्याकडे येऊ. अंधार पडला की आपल्या मेंदूतील एका ग्रंथीतून झोपेची वेळ झाल्याची खूण देणारा मेलाटोनिन हा स्राव पाझरू लागतो. प्रखर, विशेषतः निळसर पांढरा उजेड डोळ्यांवर पडत राहिला तर तो स्राव मंदावतो आणि झोप लांबते. म्हणून झोपण्याच्या खोलीत पिवळसर दिवा लावावा. बल्बच्या खोक्यावर २७०० किंवा ३००० असा आकडा 'के' या अक्षरापुढे असेल तर उजेड पिवळसर, ६५०० असेल तर निळसर पांढरा असे समजावे. विकत घेताना खोक्यावर तारांकनाची पट्टी आहे ना, हेही पाहावे. तारे जितके जास्त, तितका त्याच विजेत उजेड जास्त. रस्त्यावर ढीग लावून विकले जाणारे बिननावाचे बल्ब लुकलुकतात आणि लवकर जातात. ते स्वस्त दिसतात, पण महाग पडतात.

मुलाच्या अभ्यासाला सगळी खोली उजळण्याची गरज नसते. वहीवर बाजूने पडणारा एक चांगला दिवा आणि खोलीत थोडा मंद उजेड एवढे पुरते. उलट घरातील वृद्धांच्या बाबतीत कंजूषपणा करू नये. साठीच्या माणसाला वाचायला विशीतल्या माणसाच्या दोन-तीन पट उजेड लागतो. आजोबा प्रार्थनेचे पुस्तक घेऊन बसतात ती जागा, न्हाणीघराची वाट, पायऱ्या आणि जिना येथे दिवा असलाच पाहिजे. पडून खुब्याचे हाड मोडले, तर वाचविलेल्या विजेचे कौतुक कोणी करणार नाही. रात्री गोठ्यात किंवा शेतात पाण्याची पाळी द्यायला जाताना हातात बॅटरी हवीच. मण्यार आणि घोणस रात्री फिरतात आणि पाय पडल्यावर माफ करीत नाहीत. अंगणभर रात्रभर जळणाऱ्या दिव्यापेक्षा हातातली बॅटरी अधिक जीव वाचविते, कारण ती आपल्या पावलाबरोबर चालते.

एक सूचना जुन्या ट्यूब आणि वेटोळ्यांच्या सीएफएल दिव्यांविषयी. त्यांत थोडा पारा असतो. मुलांना त्या फोडू देऊ नका. फुटलीच तर खिडक्या उघडून थोडा वेळ बाहेर थांबा. मग झाडूने न झाडता जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करून बंद डब्यात ठेवा आणि उरलेली बारीक पूड ओल्या कागदाने टिपून घ्या. विहिरीत, ओढ्यात किंवा शेणखताच्या उकिरड्यात त्या कदापि टाकू नयेत.

कामाच्या जागी

शहापूर, वडगाव, खासबागच्या मागांवर आणि उद्यमबागच्या कारखान्यांत आपली पुष्कळ माणसे राबतात. तेथे उजेड कमी असून चालत नाही. धागा तुटलेला दिसला नाही तर कापड बिघडते, फिरता पट्टा दिसला नाही तर बोट जाते. म्हणून कामाच्या जागी दिवे कमी करा असे आम्ही म्हणत नाही. ते योग्य जागी लावा असे म्हणतो. पंधरा फुटांवर छताला टांगलेल्या ट्यूबचा उजेड मागावर पोचेपर्यंत निम्मा वाटेतच विरतो. तीच ट्यूब मागाच्या वर खाली आणून प्रत्येक मागाला वेगळे बटण ठेवले, तर बंद मागावरचा दिवा बंद ठेवता येतो. जुन्या ४० वॅटच्या ट्यूबला लोखंडी चोक असेल, तर तो आणखी १० ते १५ वॅट खातो. त्या जागी २० वॅटची एलईडी ट्यूब पुरते. पत्र्यांमध्ये दोन-चार पारदर्शक पत्रे घातले की दिवसा सूर्य मोफत उजेड देतो. भिंतींना चुना काढावा. दिव्यांवरची धूळ महिन्यातून एकदा पुसावी. कापसाची पूस बसलेला दिवा वीज पूर्ण खातो आणि उजेड अर्धा देतो. या साऱ्या गोष्टींना फार पैसा लागत नाही. मालकाने मनावर घ्यावे आणि कामगाराने आठवण द्यावी, एवढेच.

मंदिरातील दिवे

लोकांना सांगताना आपल्या मंदिराकडे डोळेझाक करणे आम्हांला शोभणार नाही. फेस्ताच्या दिवसांत चर्चवर रोषणाई असावी, ही लोकांची हौस आम्ही जाणतो आणि तिच्यात भक्तीही असते. पण हिशेब पाहा. समजा, नोव्हेनाच्या नऊ रात्री ५०० वॅटचे वीस हॅलोजन रोज सहा तास लावले. ते ५४० युनिट झाले. म्हणजे साडेतीनशे किलोच्या आसपास कोळसा. त्याच ठिकाणी तेवढाच उजेड देणारे १०० वॅटचे एलईडी लावले आणि रात्री दहाला मालवून तीनच तास ठेवले, तर ५४ युनिटांत काम भागते. दहावा हिस्सा! दहानंतर ती रोषणाई बघायला रस्त्यावर असते तरी कोण?

खरे तर आपल्या उपासनेनेच आपल्याला उजेडाची मर्यादा शिकविली आहे. पवित्र साक्रामेंताजवळ बारा महिने तेवत असतो तो एक लहानसा दिवा. प्रभू येथे आहे हे सांगायला तेवढा पुरतो. पास्काच्या रात्री तर आपण मंदिरातील सर्व दिवे मुद्दाम मालवतो आणि बाहेर पेटविलेल्या अग्नीवरून एकच मेणबत्ती आत आणतो. तिच्यावरून हजार मेणबत्त्या पेटतात. आधी अंधार नसता, तर त्या ज्योतीचे आगमन कोणाला कळले असते?

ज्यांच्याकडे बटणच नाही

शेवटची गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. दरवर्षी गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडून, विजापूरकडून ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या शिवारात येतात. कारखान्याच्या आवारात किंवा फडाच्या कडेला त्यांच्या खोपी उभ्या राहतात. त्यांना गृहज्योती नाही, कारण ज्या खोपीला मीटर नाही तिला शून्य बिलही येत नाही. बाई पहाटे अंधारात भाकरी थापते, कोयता घेऊन फडात जाते, मूल जमिनीवर वाकळेत निजलेले असते आणि मण्याराला खोपीचे दार अडवीत नाही. आपल्या अंगणातला फ्लडलाइट रात्रभर रिकाम्या जमिनीवर जळतो आणि त्याच्यापासून पाचशे पावलांवर ही माणसे काळोखात चाचपडतात. श्रीमंत माणूस आणि दाराशी पडलेला लाजर ही गोष्ट आपल्याला वेगळ्या शब्दांत सांगायची झाली, तर ती अशी सांगावी लागेल.

आमच्या मनात एक प्रस्ताव आहे आणि तो पॅरिश कौन्सिलपुढे मांडण्यापूर्वी आम्ही तो आपणां सर्वांपुढे ठेवतो. या वर्षीच्या फेस्ताची रोषणाई एलईडीची असावी आणि ती रात्री दहाला बंद व्हावी. रोषणाईच्या खर्चातून जे वाचेल, त्यात प्रत्येक वाड्याने आपल्या ऐपतीप्रमाणे भर घालावी. त्या पैशातून आपल्या धर्मग्रामाच्या हद्दीत येणाऱ्या प्रत्येक टोळीला उन्हावर चालणारे कंदील द्यावेत, खोपीगणिक एक. हंगाम संपला की ते त्यांनी आपल्या गावी घेऊन जावेत. परत मागू नयेत. ज्यांना हा विचार पटत नसेल त्यांनी रविवारी मिस्सेनंतर आम्हांला भेटून जरूर बोलावे. पटत असेल त्यांनी मात्र फेस्ताची वाट न पाहता आज रात्रीच अंगणातील दिव्यापासून सुरुवात करावी.

एका घराने एक दिवा मालवल्याने कोळशाची खाण बंद पडणार नाही, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. बारा टोपल्यांतल्या तुकड्यांनीही जगाची भूक भागली नव्हती. पण शिष्यांनी 'एवढ्याशा तुकड्यांचे काय करायचे' असे विचारले नाही. ते वाकले आणि वेचू लागले. आपणही वाकू या. फुकट मिळालेल्या उजेडाचे तुकडे वेचू या, आणि भरलेली टोपली ज्याच्या घरी अंधार आहे त्याच्या दारी नेऊन ठेवू या.